विंडोज बदलताय? आधी डिस्कचा क्लोन घ्या!

कोल्हापूर : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे नवी एसएसडी टाकून विंडोज ११ घेण्याचा विचार अनेकजण करतात. पण त्याआधी डेटा सुरक्षित हवा.

क्लोन म्हणजे काय?
बॅकअपमध्ये सहसा निवडलेल्या फाइल्सची प्रत निघते. क्लोनमध्ये विंडोज, सॉफ्टवेअर आणि संगणक सुरू करणारे लपलेले पार्टिशनही नव्या डिस्कवर जसेच्या तसे येतात.

काय काळजी घ्याल?
• बिटलॉकर सुरू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा.
• क्लोनझिला हे सॉफ्टवेअर मोफत आहे. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घ्या.
• ‘सोर्स’ म्हणजे जुनी डिस्क, ‘टार्गेट’ म्हणजे नवी. उलट निवडल्यास जुना डेटा पुसला जातो.
• नव्या डिस्कवरून संगणक सुरू झाल्याशिवाय जुनी फॉरमॅट करू नका.

क्लोन पुरेसा आहे का?
नाही. व्हायरस आणि खराब फाइल्सही क्लोनसोबत येतात. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरातील घरा-दुकानांत शिरले होते. दोन्ही डिस्क एकाच टेबलाखाली असतील तर दोन्ही बुडतील. त्यामुळे हिशेब, फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवर ठेवाच.