सड्यावर गाडी नेऊ नका

गणपती गेले की सडा बघून घ्यावा, असे आमच्याकडे म्हणतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी शनिवार-रविवार गाठून आम्ही सहा मित्र मोटारसायकलींवर रत्नागिरीहून निघालो. पावस, पूर्णगड, मग कशेळी. उन्हाळ्यात वाळवंटासारखा तापणारा जांभ्याचा सडा सीतेच्या आसवांनी निळा-जांभळा झाला होता. मधूनमधून गेंदाची पांढरी बोंडे.

उत्साहाच्या भरात मी गाडी थेट फुलांत घातली. फोटो झाले. मागे वळून पाहिले, तर चाकामागे चिखलाचा पट्टा. बोटाने चाचपले. माती जेमतेम पेरभर, खाली कातळ.

एवढ्याशा मातीत पोषण कुठले? जे असते तेही पाऊस धुऊन नेतो. म्हणून सीतेची आसवे किडे खातात. त्यांच्या मातीतल्या तंतूंना मोहरीहूनही बारीक पिशव्या असतात. तोंडाशी असलेल्या केसांना सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. त्यातून झाडाला नत्र मिळते.

पाऊस संपला की ही झाडे बी टाकून सुकतात. पुढल्या वर्षीचा सगळा फुलोरा त्या पेरभर मातीत निजलेला असतो. माती सरकली की उरतो नुसता कातळ.

सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा 'पोटखराब' म्हणून लागते. त्यामुळे तिथे काही बिघडेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. गाड्या डांबरी रस्त्यावर ठेवल्या आणि उघड्या कातळावर पाय ठेवत चालत गेलो. सडा फुलला होता. माझ्या चाकाचा पट्टा तेवढा बोडका होता.