खोळंबा, योगायोग आणि अतिथी

श्रोतेहो, आजचा विषय तसा रोजचाच आहे. गाडी लेट होते, एसटी बंद पडते, घाटात दरड कोसळते आणि आपण अडकतो. अशा अडकण्यातून कधी कधी जन्मभराचा स्नेही मिळतो, असं आपण सगळेच म्हणतो. आज आपण एवढंच बघणार आहोत की हे म्हणणं कितपत खरं आहे, आणि खरं असेल तर त्यातलं मोल येतं कुठून.

आधी शब्दांकडे बघू. 'योगायोग' या शब्दाची फोड योग अधिक अयोग अशी होते. जुळणं आणि न जुळणं, दोन्ही त्यात आलं. रोजच्या बोलण्यात आपण त्यातला अयोग विसरतो. आपल्या व्याकरणकारांना मात्र तो विसरला नव्हता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण मराठीत म्हणतो ना, त्याचाच संस्कृत भाऊ म्हणजे 'काकतालीय'. कावळा येतो, त्याच क्षणी ताडाचं फळ पडतं आणि कावळा मरतो. सिद्धान्तकौमुदीत या शब्दाचं उदाहरण आहे ते देवदत्ताच्या वधाचं. देवदत्ताची आणि चोरांची गाठ पडते, ती कावळा आणि ताडफळाच्या गाठीसारखी. आणि त्यातून येणारं त्याचं मरण कावळ्याच्या मरणासारखं. म्हणजे बघा, अवचित भेटीचं शास्त्रातलं उदाहरणच मुळी घातक आहे!

आता ग्रीसकडे जाऊ. अ‍ॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या दुसऱ्या भागात हाच प्रश्न घेतला आहे. त्याचं उदाहरण आपल्याला अगदी घरचं वाटेल. एक गृहस्थ मेजवानीसाठी वर्गणी गोळा करतो आहे. एका ठिकाणी तो दुसऱ्याच कामाला जातो आणि नेमका तिथे पैसे देणारा माणूस भेटतो. आधी माहीत असतं, तर तो मुद्दाम तिथे गेला असता. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की इथे निसर्गनियम कुठे मोडला नाही. दोघंही आपापल्या कारणाने आले. पण त्या भेटीला 'नशीब' म्हणायचं, ते या गृहस्थाच्या मनात वर्गणीचा हेतू आधीपासून होता म्हणून. ज्याला हेतू नाही, निवड करता येत नाही, त्याला या अर्थाने नशीबही नाही. दगडाला नाही, तान्ह्या मुलालाही नाही.

हे दोन दृष्टांत शेजारी ठेवले की पहिली गोष्ट स्पष्ट होते. योगायोग स्वतः चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो. दोन वाटा एकमेकींना छेदतात, एवढंच त्यात असतं. मोल दुसरीकडून यावं लागतं.

ते कुठून येतं, हे बघायला आपण एक माहितीतला प्रवास घेऊ. साधारण 1892 ची गोष्ट. लोकमान्य टिळक मुंबईहून पुण्याला परत येत होते. व्हिक्टोरिया टर्मिनसवर त्यांच्या डब्यात एक संन्यासी चढला. पोचवायला आलेल्या गुजराती मंडळींनी ओळख करून दिली आणि पुण्यात यांना तुमच्याकडे ठेवून घ्या, असं सुचवलं. तो संन्यासी टिळकांच्या घरी आठदहा दिवस राहिला. नाव विचारलं तर म्हणाला, मी संन्यासी आहे. शिकागोच्या परिषदेनंतर त्याचा बोलबाला झाला, तेव्हा टिळकांच्या मनात आलं, आपल्याकडे उतरलेले हेच की काय! ते विवेकानंदच होते. ही आठवण टिळकांनी स्वतः सांगून ठेवली आहे.

पुढचा प्रवास बघा. स्वामीजी 31 मे 1893 रोजी मुंबईहून निघाले आणि जुलैअखेर शिकागोला पोचले. परिषद सुरू होणार होती 11 सप्टेंबरला. म्हणजे सहा आठवड्यांचा खोळंबा. त्यात कळलं की परिचयपत्राशिवाय प्रतिनिधी म्हणून घेत नाहीत आणि नाव नोंदवायची मुदतही टळली आहे. शिकागो महाग, खिशातले पैसे संपत चाललेले. म्हणून ते बोस्टनच्या बाजूला गेले. आगगाडीच्या प्रवासात केट सॅनबॉर्न नावाच्या लेखिकेशी ओळख झाली होती. तिने त्यांना आपल्या शेतावरच्या घरी ठेवून घेतलं. तिच्यामुळे हार्वर्डमध्ये ग्रीक शिकवणारे प्राध्यापक जॉन हेन्री राइट भेटले. राइट यांनी परिषदेच्या लोकांना पत्र लिहिलं आणि अडलेली वाट मोकळी झाली. स्वामीजी शिकागोला परतले, तर पत्ता हरवलेला. रेल्वेच्या आवारात कशीबशी रात्र काढली. सकाळी दारोदार विचारपूस केली, तर लोकांनी हाकलून दिलं. शेवटी थकून रस्त्याच्या कडेला बसले. समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या, चौकशी केली आणि त्यांना घरात घेतलं, असं चरित्रकार सांगतात.

आता यात खोळंब्याने काय केलं? वेळापत्रक मोडलं, एवढंच. हेतू स्वामीजींचा स्वतःचा होता. तो अ‍ॅरिस्टॉटलच्या गृहस्थासारखा बरोबरच होता. पण हेतू असूनही ते रस्त्याच्या कडेलाच बसून राहिले असते. दार उघडलं ते दुसऱ्या कोणीतरी. टिळकांनी, सॅनबॉर्नबाईंनी, राइटसाहेबांनी, हेलबाईंनी. तेव्हा आपलं पहिलं उत्तर हे: प्रवासातलं अनपेक्षित मोल अडकलेल्याला नुसतं सापडत नाही, कोणीतरी ते देतं.

मग उशीर आणि हे देणं यांचा काही संबंध आहे की नाही? आहे. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना क्रॉसिंग ठाऊक असतं. मार्ग बहुतेक एकेरी, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी स्टेशनात थांबून राहते. गाडी चालू असते तोवर शेजारचा प्रवासी म्हणजे गर्दी. ती थांबली की पहिला प्रश्न येतो, "किती वेळ लागेल हो?" ओळख नसताना विचारायला चालेल असा हा प्रश्न आहे. उत्तर दोघांनाही माहीत नसतं, त्यामुळे दोघं एका पातळीवर येतात. मग डबा उघडतो, लाडू पुढे होतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1908 साली 'परका' या विषयावर लिहिताना दाखवलं होतं की जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी माणूस परक्यापाशी बोलतो. परका आपल्या नात्यागोत्यात गुंतलेला नसतो, म्हणून तो मोकळेपणा.

पण इथे एक सावधगिरी हवी. आपण फुललेल्या भेटींच्याच गोष्टी सांगतो. गाडी लेट झाली म्हणून ज्याची मुलाखत हुकली, जिचा रोज बुडाला, ज्याला आईचं शेवटचं दर्शन झालं नाही, त्यांच्या गोष्टी व्याख्यानात येत नाहीत. त्यांना "जे होतं ते बऱ्यासाठी" असं सांगणं क्रूरपणाचं आहे. बोस्टनकडचं ते घर मिळालं नसतं, तर तो उशीरही आपण निव्वळ हालअपेष्टा म्हणूनच मोजला असता. आणि उशिरातून कधी चांगलं निघतं म्हणून गाड्या वेळेवर सोडायची जबाबदारी कोणाची टळत नाही. देवदत्त लक्षात ठेवा!

मग आपल्या हातात काय उरतं? याचं उत्तर आपल्या एका जुन्या शब्दात आहे. 'अतिथी' या शब्दाची परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती अशी: ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. आजच्या भाषेत, ज्याचं वेळापत्रक चुकलं आहे तो! त्याचं स्वागत हा आपल्याकडे धर्म मानला, कारण तो स्वतःच्या योजनेवर विसंबू शकत नाही. त्या घटकेला तो आपल्यावर विसंबून असतो.

योगायोग घडवणं कोणाच्याच हातात नाही. पण खोळंबलेल्या डब्यात आपण अडकलेले असतो, तसेच कोणाच्या तरी समोरच्या बाकावरही असतो. त्या बाकावरून कोणाला फोन लावून देणं, पाण्याची बाटली पुढे करणं, म्हातारीला "आजी, कुठे उतरायचं?" म्हणून विचारणं, हे मात्र आपल्या हातात आहे. त्यातून पुढे काही निघेल की नाही, हे त्या वेळी कळत नाही. टिळकांनाही कळलं नव्हतं. त्यांनी नाव न सांगणाऱ्या माणसाला आठदहा दिवस ठेवून घेतलं, इतकंच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.