वर्ष सरण्यापूर्वीच कर का?

वर्षाचा जमाखर्च ३१ मार्चला मिटत असता सरकार जूनपासूनच प्राप्तिकर का मागते, असा प्रश्न किराणा दुकानदाराला पडणे स्वाभाविक आहे. सरकारी खजिन्यातून पगार व देणी बारमाही जात असल्यामुळे वसुलीही, पाटाच्या पाण्याप्रमाणे, पाळीपाळीने यावी लागते; म्हणून ज्याचा अंदाजित कर, आधीच कापला गेलेला वजा जाता, १०,००० रुपये वा अधिक होतो, त्याने १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण रक्कम भरावयाची असते. हप्ता चुकल्यास तुटीवर दरमहा १ टक्का व्याज चढते. उलाढालीवरून अनुमानित नफा दाखविणाऱ्या लहान व्यापाऱ्यास मात्र १५ मार्च ही एकच मुदत आहे, आणि ही सवलत अत्यंत न्याय्य होय. अशा व्यापाऱ्यांनी फेब्रुवारीतच हिशेब तपासून रकमेची तजवीज करावी.