वीज आली! आता कोण आपोआप सुरू होणार?

समजा, बदलापूरच्या बेलवलीत पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. घरातला पंखा कोणी न सांगता फिरू लागला. पण कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मात्र गप्पच! गिरणीवाल्याने हिरवे बटण दाबले तेव्हाच ती सुरू झाली. असे का बरे?

गिरणीच्या स्टार्टरमध्ये एक विद्युत्‌चुंबक असतो. वीज गेली की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, स्प्रिंग जोडणी तोडते आणि वीज परतली तरी ती तुटलेलीच राहते. त्या वेळी कोणाचा हात पट्ट्याजवळ असला तर? म्हणून ही खबरदारी.

बंद पडलेली वस्तू पुन्हा कशी सुरू व्हावी, याचे नियम संगणकातही आधीच ठरवावे लागतात. न्हावाशेवा बंदरातल्या पोलादी कंटेनरमध्ये माल एकत्र बंद केलेला असतो. त्याच धर्तीवर एखादा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फायलींसह, एकत्र बांधतात. हा झाला सॉफ्टवेअरचा कंटेनर. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’मुळे ही पद्धत फार लोकप्रिय झाली.

कंटेनर थांबला तर काय करावे? डॉकरला चारांपैकी एक नियम सांगता येतो. ‘नो’ म्हणजे पुन्हा सुरू करू नको. ‘ऑन-फेल्युअर’ म्हणजे बिघाड झाला तरच सुरू कर. बिघाड कसा कळतो? प्रोग्राम संपताना एक अंक मागे ठेवतो: शून्य म्हणजे काम पुरे झाले, दुसरा कोणताही अंक म्हणजे बिघाड. ‘ऑलवेज’ म्हणजे कसाही थांबला तरी सुरू कर. ‘अनलेस-स्टॉप्ड’ही तसाच, पण माणसाने मुद्दाम थांबवलेला कंटेनर संगणक बंद होऊन पुन्हा चालू झाला, तरी थांबलेलाच राहतो.

मग सर्वांना ‘ऑलवेज’च का देऊ नये? याचे उत्तर शेतात सापडते. पुष्कळ शेतकरी पंपाला ‘ऑटो स्विच’ लावतात. वीज येताच साऱ्या शिवारातले पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तो भार रोहित्राला पेलत नाही. कधी ते जळतेही, आणि मग कोणालाच वीज नाही! म्हणूनच ऑटो स्विच काढण्याचे आवाहन महावितरण करत आले आहे.

संगणकाचेही तसेच. आवश्यक फाइलच नसेल तर प्रोग्राम हजारदा उठेल आणि हजारदा पडेल. संगणकाची शक्ती मात्र फुकट जाईल. म्हणून डॉकर आधी सेकंदाचा दहावा भाग थांबतो आणि प्रत्येक अपयशानंतर ही वेळ दुप्पट करतो. पण १ मिनिटापलीकडे जात नाही. ‘ऑन-फेल्युअर’मध्ये तर किती वेळा प्रयत्न करायचा, हेही ठरवता येते.

आता तुमची पाळी. पंखा, मिक्सर, गच्चीवरच्या टाकीचा पंप: कोणाला कोणता नियम द्याल? पंपाचे उत्तर देण्यापूर्वी टाकी भरली आहे का, एवढे मात्र पाहा!