मराठी मुलखातले अँग्लिकन (भाग ४) : नीळकंठशास्त्री गोरे, बढती न घेतलेला पाद्री

जुन्या ठाण्यातल्या सेंट जेम्स चर्चची हकिगत गेल्या भागात आली. १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याचा समर्पणविधी केला. हेबर कलकत्त्याचे बिशप. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला तो १८३७ मध्ये. त्याच १८२५ साली बुंदेलखंडात एका चित्पावन कुटुंबात नीळकंठ गोरे जन्मले. पुढे मराठी मुलूख त्यांना फादर नेहेम्या गोरे म्हणून ओळखू लागला.

घर काशीत स्थिरावलेलं, शिक्षण संस्कृत शास्त्रांचं. कंपनीचे अधिकारी जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माच्या बाजूने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्या पंडितांत विशीतले नीळकंठशास्त्रीही होते. त्यांचा ग्रंथ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. मिशनऱ्यांना वादात हरवायचं म्हणून ते बायबल वाचू लागले आणि त्या वाचनातच त्यांचा पक्ष बदलला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अँग्लिकन चर्चमध्ये पाद्री होण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी डीकन, म्हणजे सेवक. मग प्रीस्ट, प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा आणि पापक्षमा जाहीर करण्याचा अधिकार इथून मिळतो. त्यावर बिशप. दीक्षा बिशपच देतो, डोक्यावर हात ठेवून. डीकन साधारण वर्षभरात प्रीस्ट होतो. गोरे मात्र डीकन झाले १८६८ मध्ये आणि प्रीस्ट १८७०मध्ये. बाप्तिस्म्यापासून बावीस वर्षांनी!

ही वर्षं रिकामी नव्हती. १८५४ मध्ये ते महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. तिथे भेटलेल्या मॅक्सम्युलर यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे, की लंडनमधलं जगणं पाहून हा तरुण पंडित हादरला होता. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. परतल्यावर १८६० मध्ये त्यांचं ‘षड्दर्शनदर्पण’ हे हिंदी पुस्तक निघालं. सहाही दर्शनांची त्यात त्यांनी शास्त्र्याच्याच शिस्तीने उलटतपासणी केली. दोन वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं.

घरची बाजू मात्र कठीण होती. पत्नी लवकर गेली. मुलगी एलन लक्ष्मी इंग्रज कुटुंबात, इंग्लंडमध्ये वाढली. मोठेपणी ती भारतात सेवाकार्यासाठी परतली. तिची इंग्रजी भक्तिगीतं गाजली.

१८७६ मध्ये गोरे ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या संन्याससंघात उमेदवार म्हणून दाखल झाले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिथली तीन व्रतं. आजन्म व्रत त्यांनी अखेरपर्यंत घेतलं नाही. राहणी पूर्ण विरक्ताची, पण आपण खरोखर पात्र आहोत का, ही शंका सुटेना. ते संघाच्या सावलीत राहिले आणि पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये वावरले.

म्हणून त्यांच्या कारकिर्दीत आर्चडीकन किंवा कॅनन असं एकही मानाचं पद दिसत नाही. वजन होतं ते युक्तिवादाला. प्रार्थना समाज आणि ब्राह्मो समाज यांच्या मतांवर त्यांनी व्याख्यानं दिली, पत्रकं लिहिली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : ईश्वर दयाळू आहे हे तुम्ही केवळ बुद्धीने सिद्ध करू शकत नाही; ती कल्पना तुम्ही साक्षात्कारी धर्माकडूनच घेतली आहे. समोरच्यांना हे पटलं नाही, तरी उडवून लावण्याजोगं नव्हतं, कारण बोलणारा त्यांच्याच शास्त्रांत मुरलेला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा असल्याचं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत गोरे वारले. चर्चमध्ये ज्येष्ठता पदाने मोजली जाते. तो हिशोब लावला तर ते साधे प्रीस्ट. पण शंका लपवून उपदेश करणाऱ्यापेक्षा शंकेशी झगडत बोलणाऱ्याचं ऐकायला सुशिक्षित पुणेकर अधिक राजी होते. गोऱ्यांची बढती अडवली ती याच स्वभावाने, आणि श्रोते मिळवून दिले तेही त्यानेच.

(पुढील भागात : त्याच पंचहौद मिशनमधला १८९० चा चहा आणि त्यावरून टिळक-रानड्यांना भोगावा लागलेला ग्रामण्याचा ताप.)