फ्रँकफर्टचं वार्तापत्र : घटनेनं राखलेला रविवार

शनिवारी संध्याकाळी इथल्या सुपरमार्केटात गेलं, तर उद्यापासून दुष्काळ पडणार आहे की काय, असं वाटावं. कारण साधं आहे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रेल्वे स्टेशनं, पेट्रोल पंप, सकाळी काही तास बेकऱ्या आणि पाळीपाळीनं उघडी राहणारी औषधांची दुकानं, एवढीच काय ती सवलत. वस्तीत गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या कुंडीत टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो म्हणून! साडेसात टनांपेक्षा जड मालट्रकना रात्री दहापर्यंत रस्ता बंद.

नव्यानं आलेल्या मराठी माणसाला हे जाचतं. आठवडाभर तुंबलेली कामं उपसायची म्हणून तर आपला रविवार. दुपारी जरा डोळा लागला तरी उठल्यावर 'दिवस फुकट गेला' ही टोचणी असतेच. इथं ती हळूहळू बोथट होते आणि त्यासाठी ध्यानधारणा वगैरे काही करावी लागत नाही. आपण लोळत पडलो आणि शेजारी पुढे निघून गेला, या धास्तीला जागाच उरत नाही; शेजारीही लोळतच असतो.

या लोळण्यामागे घटना उभी आहे. रविवार आणि सरकारमान्य सण हे कामातून विसाव्याचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्यानं राखले जातील, असं 1919 च्या वायमार घटनेचं 139वं कलम सांगतं. 1949 च्या घटनेनं ते तसंच ठेवलं. पुढे बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्च घटना न्यायालयात गेलं आणि 2009 मध्ये जिंकलं. कामगार संघटनाही याच बाजूच्या. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती 1890 मध्ये, तीही झगडूनच.

1963 चा रजेचा कायदा तर मला फारच आवडतो. रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला दिलात, की ते दिवस रजेतून कापले जात नाहीत. आणि रजेच्या हेतूला बाधा येईल असं दुसरं पगारी काम त्या काळात करायला मनाई! रजेवर असताना ऑफिसचे फोन घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून दाखवावंसं वाटतं.

अर्थात नर्स, ट्रेनचालक, हॉटेलातले आचारी रविवारीही राबतात. त्यांना बदली सुट्टी मिळते, पण सगळं गाव थांबलेलं असताना मिळणारी ती नव्हे.

नवा वाद आमच्याच हेसे राज्यातला. माणसाविना चालणारी छोटी दुकानं इथं निघाली. कर्मचारी असो नसो, दुकान ते दुकानच, असं म्हणत 2023 च्या अखेरीस प्रशासकीय न्यायालयानं त्यांनाही रविवारी टाळं लावायला सांगितलं. पुढच्याच वर्षी राज्यानं कायदा बदलून त्यांना मोकळीक दिली. कुणी राबतच नाही, मग बिघडलं काय, असं समर्थक विचारतात. मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. दार उघडं आहे म्हटल्यावर कोथिंबीर आणायची राहिली, हे नेमकं रविवारी दुपारी आठवणार.