बुशवेल्ड अग्निज संकुल

बुशवेल्ड अग्निज संकुल हे दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागातील अंतर्वेशी, म्हणजे जुन्या खडकांत घुसून जमिनीखालीच थिजलेल्या, अग्निज खडकांचे संकुल आहे. स्तरित प्रकारच्या ज्ञात अंतर्वेशी राशींमध्ये ते जगात सर्वांत मोठे आहे. लिंपोपो, नॉर्थ वेस्ट, म्पुमलांगा व ग्वाटेंग या प्रांतांत ते पसरले असून त्याचा विस्तार सुमारे ६५,००० चौ. किमी. आहे. सुमारे २०५ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वी प्रावरणातून वर आलेला शिलारस ट्रान्सव्हाल महासंघाच्या गाळाच्या खडकांत शिरला व त्यापासून हे संकुल तयार झाले. प्लॅटिनम, क्रोमियम व व्हॅनेडियम यांचे प्रचंड साठे त्यात आहेत. डच भूवैज्ञानिक गुस्टाफ मोलेनग्राफ यांनी १८९७ च्या सुमारास या संकुलाचा प्रथम अभ्यास केला.

रचना

संकुलात अल्पसिलिक खडकांचा 'रस्टेनबर्ग स्तरित संच' आणि त्यावरील ग्रॅनाइट व ग्रॅनोफायर यांचे संच यांचा समावेश होतो. स्तरित संचाची जाडी काही ठिकाणी ७ ते ९ किमी. भरते. त्याचे खालून वर असे पाच विभाग मानतात : सीमावर्ती, निम्न, क्रांतिक, मुख्य व ऊर्ध्व विभाग. निम्न विभागात ऑलिव्हिन व पायरोक्सिन यांनी बनलेले खडक आहेत. क्रांतिक विभागात क्रोमाइटाचे काळे थर, पायरोक्सिनाइट, नोराइट व अनॉर्थोसाइट एकाआड एक येतात. मुख्य विभाग नोराइट व गॅब्रोनोराइट यांचा असून ऊर्ध्व विभागात मॅग्नेटाइटाचे थर आढळतात.

महाराष्ट्रातील दख्खनचा बेसॉल्ट पृष्ठभागावर आलेला लाव्हा लवकर थंड होऊन बनला, म्हणून त्यातील स्फटिक सूक्ष्म असतात. बुशवेल्डचा शिलारस मात्र जमिनीखाली सावकाश थंड झाला. त्यामुळे त्यातील स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे झाले आणि खनिजे थराथरांत वेगळी होण्यास अवधी मिळाला.

शिलारसाचे रसायन

शिलारस थंड होताना त्यातील सर्व खनिजे एकाच वेळी स्फटिकरूप होत नाहीत. मॅग्नेशियमसमृद्ध ऑलिव्हिन व पायरोक्सिन ही खनिजे आधी तयार होतात. ती बाजूला पडली की उरलेल्या द्रवात मॅग्नेशियम कमी होते, तर लोह, सोडियम व सिलिका यांचे प्रमाण वाढते. या क्रियेला स्फटिकीय विभाजन म्हणतात. निम्न विभागातील ऑलिव्हिन मॅग्नेशियमसमृद्ध, तर ऊर्ध्व विभागाच्या माथ्याजवळील ऑलिव्हिन लोहसमृद्ध असते. प्लॅजिओक्लेजमधील कॅल्शियमही वर जाताना घटत जाते. मॅग्नेटाइटाच्या सर्वांत खालच्या थरांत व्हॅनेडियम भरपूर असते. वरच्या थरांत ते कमी होऊन टायटॅनियम वाढते, कारण आधी बनलेल्या मॅग्नेटाइटाने द्रवातील व्हॅनेडियम शोषून घेतलेले असते.

सर्व संच एकाच वेळी भरलेल्या शिलारसापासून बनला असता, तर हा बदल अखंड दिसला असता. प्रत्यक्षात तो जागोजागी खंडित होतो. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून याचे कारण समजते. स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ यांचे आरंभीचे गुणोत्तर स्फटिकीय विभाजनामुळे बदलत नाही. ते बदलण्यासाठी वेगळ्या उगमाचे द्रव्य मिसळावे लागते. बुशवेल्डमध्ये हे गुणोत्तर निम्न विभागात सुमारे ०.७०५, क्रांतिक विभागाच्या वरच्या भागात सुमारे ०.७०६५, मुख्य विभागात सुमारे ०.७०८५ आणि ऊर्ध्व विभागात सुमारे ०.७०७३ आढळते. यावरून शिलारस अनेक वेळा आत आला आणि त्यात भूकवचाचे द्रव्य कमीअधिक प्रमाणात मिसळले, असे अनुमान काढतात.

कालमापन

प्रारंभी संकुलाचे वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने काढण्यात आले. रुबिडियम-८७ चे अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षे आहे. इतक्या मंद क्षयामुळे आणि या खडकांत रुबिडियम अल्प असल्यामुळे निष्कर्षांत कोट्यवधी वर्षांची अनिश्चितता राहत असे. संकुल साधारणपणे केव्हा बनले, हे त्यावरून कळले; एक थर दुसऱ्यापेक्षा किती जुना आहे, हे कळणे अशक्य होते.

झिर्कॉन या खनिजाच्या युरेनियम-शिसे कालमापनाने ही अडचण बरीच दूर झाली. झिर्कॉनच्या स्फटिकात झिर्कोनियमच्या जागी युरेनियम सामावते, पण शिसे सहसा सामावत नाही. म्हणून त्यात आढळणारे शिसे जवळजवळ सर्व युरेनियमच्या क्षयातून आलेले असते. युरेनियम-२३८ (अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षे) पासून शिसे-२०६ आणि युरेनियम-२३५ (अर्धायुष्य सुमारे ७०.४ कोटी वर्षे) पासून शिसे-२०७ बनते. बुशवेल्डच्या वयाच्या झिर्कॉनमध्ये मुळातील युरेनियम-२३८ पैकी सुमारे २७ टक्के, तर युरेनियम-२३५ पैकी सुमारे ८७ टक्के क्षय पावलेले असते. एकाच कणातील ही दोन घड्याळे एकच वय दाखवत असतील, तर ते वय विश्वसनीय मानतात. कणातून मधल्या काळात शिसे निसटले असेल, तर दोन्ही वयांत तफावत पडते. असे बाधित भाग कण तापवून व आम्लात अंशतः विरघळवून आधीच काढून टाकतात. या प्रक्रियेला रासायनिक अपघर्षण म्हणतात.

जेम्स स्कोट्स व रिचर्ड फ्रीडमन यांनी २००८ मध्ये मेरेन्स्की थराचे वय २०५४.४ ± १.३ दशलक्ष वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये आर्मिन झेह व सहकाऱ्यांनी स्तरित संचातील विविध खडकांची वये २०५५.९१ ± ०.२६ ते २०५४.८९ ± ०.३७ दशलक्ष वर्षे अशी मांडली. एवढी प्रचंड राशी सुमारे १० लक्ष वर्षांतच भरली व थिजली, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्कोट्स व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या विस्तृत कालमापनानुसार मात्र हा काळ सुमारे ५० लक्ष वर्षांचा आहे.

थरांच्या क्रमाचा वाद

शिलारसाच्या कोठीत जड स्फटिक तळाशी साचत जातात, त्यामुळे खालचा थर जुना व वरचा नवा, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१६ मध्ये जेम्स मंगॉल, सँड्रा कामो व सहकाऱ्यांनी मेरेन्स्की थरासारखे काही थर त्यांच्यावरील खडकांपेक्षा वयाने लहान असल्याचे मांडले. त्यांच्या मते हे थर आधीच थिजलेल्या किंवा अर्धवट थिजलेल्या खडकांमध्ये नंतर आडवे घुसलेल्या शिलापट्टांच्या रूपाने तयार झाले.

या मतावर आक्षेपही घेण्यात आले. अल्पसिलिक शिलारसात झिर्कॉन आरंभी तयार होत नाही; स्फटिकांमधील फटींत अडकलेल्या शेवटच्या द्रवातून तो बनतो. त्यामुळे त्याचे वय थर साचल्याचा नव्हे, तर थर पूर्णपणे थिजल्याचा काळ दाखवते. शिवाय थरांच्या वयांतील फरक मोजमापाच्या त्रुटीहून फारसा मोठा नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

आर्थिक महत्त्व

१९२४ मध्ये अँड्रिज लोम्बार्ड या शेतकऱ्याला नदीपात्राच्या वाळूत प्लॅटिनमचे कण सापडले. त्यांचा माग काढत हान्स मेरेन्स्की यांनी त्याच वर्षी आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा थर शोधला. हा थर बहुतेक ठिकाणी एक मीटरहून पातळ असून त्यात दर टनामागे काही ग्रॅमच प्लॅटिनम गटातील धातू असतात. शिलारसापासून वेगळ्या झालेल्या सल्फाइड द्रवात हे धातू गोळा झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जगातील ज्ञात प्लॅटिनम साठ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक साठा या एका संकुलात आहे.

थर तळाशी साचून बनले असतील, तर धातू गोळा करण्यासाठी वरच्या संपूर्ण कोठीतील शिलारस उपलब्ध होता असे ठरते. ते नंतर घुसले असतील, तर धातू घुसलेल्या शिलारसाबरोबरच आले असले पाहिजेत. अशा साठ्यांचा शोध अन्यत्र कोणत्या खडकांत व कोणत्या पातळीवर घ्यावा, याचे उत्तर यानुसार बदलते. म्हणूनच काही लक्ष वर्षांच्या फरकाचे मोजमाप खाणशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.